पळणे आणि पळवणे : आगगाडीचा एक मूकपट आणि अर्थाची वाटणी

मूकपट ही सर्व मानवांना सारखीच कळणारी भाषा होय, असे विधान चित्रपटविषयक लेखनात वारंवार आढळते. चित्राला लिपी नाही, व्याकरण नाही, प्रांत नाही. म्हणून ते निरक्षरास व साक्षरास, मराठी माणसास व जपानी माणसास एकच अर्थ सांगते, असा या विधानाचा आशय असतो. भाषेच्या अभ्यासकाने हे विधान सहजासहजी मान्य करू नये आणि परीक्षेवाचून टाकूनही देऊ नये. कोणता अर्थ चित्र एकट्याने वाहते आणि कोणत्या अर्थासाठी शब्दाला हाक मारावी लागते, याची वाटणी नेमकी कोठे होते, हे एका उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण म्हणून बस्टर कीटन या अमेरिकन नटाचा ‘द जनरल’ (१९२६) हा आगगाडीच्या पाठलागाचा मूकपट घेतला आहे. परीक्षेचे साधन म्हणून ‘पळणे’ हे अगदी नित्याच्या वापरातील मराठी क्रियापद घेतले आहे. दोहोंचा संबंध काय, हे पुढे स्पष्ट होईल.

१. ‘मूक’ या विशेषणाविषयी

प्रारंभी नावाचा विचार करणे इष्ट. ‘मूकपट’ हा शब्द मूकपटाच्या काळाचा नव्हे, असे तर्कानेच म्हणता येते. जोवर सर्वच चित्रपट न बोलणारे होते, तोवर त्यांना ‘मूक’ म्हणण्याचे प्रयोजन नव्हते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलू लागला, आणि त्यानंतर जुन्या प्रकारास वेगळे नाव देण्याची गरज उत्पन्न झाली. ‘बोलपट’ आला म्हणून ‘मूकपट’ आला. नवी वस्तू आल्यामुळे जुन्या वस्तूस विशेषण चिकटण्याचा हा प्रकार भाषेत नवा नाही. विजेचा दिवा आल्यावरच रॉकेलचा दिवा ‘रॉकेलचा’ झाला. ‘आगगाडी’ या शब्दाची घडणही अशीच बोलकी आहे. ‘गाडी’ म्हटले की बैलगाडी हे गृहीत होते, म्हणून आगीवर चालणाऱ्या गाडीस वेगळे विशेषण लागले. पुढे शहरांत आगगाडीच इतकी रुळली की ‘गाडी चुकली’ म्हणताना ‘आग’ गळून पडली.

हा मुद्दा केवळ शब्दकौतुकाचा नाही. ‘मूक’ या विशेषणामुळे असा समज होतो की या चित्रपटांत शब्द नव्हतेच. वस्तुस्थिती तशी नाही. दृश्यांच्या मधून मजकुराच्या पाट्या येत असत. आपल्याकडे या पाट्या बहुधा एकाहून अधिक भाषांत लिहीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झालेल्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्याही बहुभाषिक होत्या. प्रेक्षागृहात ज्यांना वाचता येई ते इतरांसाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखवीत. पडदा मूक असला तरी प्रेक्षागृह मूक नव्हते. अशा स्थितीत चित्राने काय सांगितले आणि शेजारच्या वाचकाने काय सांगितले, हे निवडून काढणे त्या काळच्या प्रेक्षकास शक्य नव्हते. आपणास ते करून पाहता येते.

२. मुंबई, आगगाडी आणि चलच्चित्र

आगगाडी व चलच्चित्र यांचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे आणि त्या इतिहासात मुंबईस मानाचे स्थान आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ झाला. प्रवेशमूल्य एक रुपया होते. दाखविलेल्या सहा लघुपटांत स्थानकात येणाऱ्या गाडीचे एक चित्र होते. हे चित्र पाहून पॅरिसचे प्रेक्षक भयाने उठून पळाले, अशी आख्यायिका जगभर सांगितली जाते. पुढील संशोधकांना तिला समकालीन पुरावा आढळला नाही, आणि तिच्याकडे आता दंतकथा म्हणूनच पाहिले जाते. मुंबईच्या प्रेक्षकांपुरते एवढे निश्चित म्हणता येते की त्यांना आगगाडी नवी नव्हती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली होती, म्हणजे खेळाच्या वेळी त्या घटनेस त्रेचाळीस वर्षे होऊन गेली होती. नवल होते ते गाडीचे नव्हे. गाडी नसलेल्या खोलीत गाडी येण्याचे.

आगगाडी चलच्चित्रास इतकी मानवली याचे कारण तिच्या रचनेत आहे. रूळ ही एकच रेषा असते. त्या रेषेवर पुढे जाता येते किंवा मागे जाता येते. तिसरी दिशा नाही. वळावयाचे तर सांधा बदलावा लागतो, आणि सांधा बदलणे ही डोळ्यांना दिसणारी क्रिया आहे. एडविन पोर्टर याच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) या सुमारे बारा मिनिटांच्या चित्रपटापासून ग्रिफिथच्या ‘द लोनडेल ऑपरेटर’ (१९११) पर्यंत, आणि तेथून ‘द हॅझर्ड्स ऑफ हेलन’ या ११९ भागांच्या मालिकेपर्यंत (१९१४–१९१७), आगगाडीने दिग्दर्शकांना कथेचा तयार सांगाडा पुरविला. स्थानकात कोंडलेली तारायंत्रचालक तरुणी आणि तिच्या सुटकेसाठी धावणारे इंजिन आळीपाळीने दाखविले की ‘वेळेत पोहोचेल काय?’ हा प्रश्न शब्दावाचून उभा राहतो.

ही परंपरा आपल्याकडेही आली. मुंबईच्या वाडिया बंधूंनी मूकपटाच्या अखेरच्या काळात ‘तूफान मेल’ (१९३२) हा चित्रपट काढला, आणि बोलपट स्थिरावल्यावर होमी वाडिया यांनी ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) दिग्दर्शित केला. फ्रंटियर मेल ही मुंबईहून पेशावरास जाणारी, १९२८ मध्ये सुरू झालेली खरीखुरी गाडी होती. तिचे नाव मिरविणाऱ्या नायिकेची भूमिका नादिया हिने केली. चित्रपट बोलका खरा. परंतु धावत्या गाडीच्या टपावरील मारामारीत बोलावयाचे ते काय? बोलपटाच्या पोटात मूकपट जिवंत राहिला तो अशा दृश्यांत. उलट दिशेचे एक उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. व्ही. शांताराम यांनी चित्रपटसृष्टीत नाव मिळविण्यापूर्वी लहान वयात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले होते आणि त्याच काळात तेथील चित्रगृहातही नोकरी केली होती. यंत्र आणि पडदा हे त्या पिढीच्या अनुभवात इतके शेजारी होते.

३. ‘द जनरल’ची कथा

चित्रपटाचे दिग्दर्शन कीटन व क्लाइड ब्रुकमन यांचे आहे. कथेस ऐतिहासिक आधार आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात १२ एप्रिल १८६२ रोजी जेम्स अँड्रूज याच्या नेतृत्वाखाली उत्तरेच्या हेरांनी जॉर्जिया राज्यातील बिग शँटी येथे ‘जनरल’ नावाचे इंजिन पळविले. वाटेतील पूल जाळावे, तारा तोडाव्या व दक्षिणेची रसद बंद पाडावी, हा त्यांचा बेत होता. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर याने प्रथम पायी, मग ढकलगाडीवरून आणि नंतर एकामागून एक मिळतील त्या इंजिनांवरून त्यांचा पाठलाग केला. शेवटचे ‘टेक्सस’ हे इंजिन तर उलटे चालवावे लागले. सरपण संपल्याने ‘जनरल’ वाटेत थांबले, हेर पकडले गेले आणि अँड्रूजसह आठ जणांना फाशी झाली.

कीटनने या घटनेत दोन मोठे बदल केले. पहिला असा की पाठलाग करणारा नायक झाला आणि तो कंडक्टर न राहता इंजिनचालक झाला. दुसरा असा की पाठलाग एकेरी न राहता दुहेरी झाला. चित्रपटाच्या पूर्वार्धात जॉनी ग्रे हा इंजिनचालक आपले इंजिन पळविणाऱ्या हेरांच्या मागे लागतो. उत्तरार्धात तो तेच इंजिन शत्रूच्या तळावरून परत पळवितो आणि शत्रू त्याच्या मागे लागतात. रूळ तोच, इंजिने तीच. फक्त पुढचा मागे व मागचा पुढे. हेरांनी पूर्वार्धात योजलेल्या युक्त्या, म्हणजे रुळांवर लाकडे टाकणे, डबा मागे सोडून देणे, तारा तोडणे, आता जॉनी योजतो. चित्रपटाची रचना दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या शब्दासारखी झाली आहे.

शेवटी जळता पूल ‘टेक्सस’च्या भाराने कोसळतो. हे दृश्य २३ जुलै १९२६ रोजी ऑरेगन राज्यातील कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ खऱ्या पुलावर खरे इंजिन नेऊन चित्रित केले गेले. मूकपटाच्या काळातील सर्वांत खर्चिक दृश्य म्हणून त्याचा उल्लेख होतो. इंजिनाचा सांगाडा पुढे अनेक वर्षे त्या नदीच्या पात्रातच पडून होता. चित्रपटास त्या वेळी यश आले नाही. आज तो मूकपटातील श्रेष्ठ कृतींत गणला जातो.

४. धरावयास की भिऊन?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रस्तुत लेखकाचे बालपण धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात, तामलवाडी या गावी गेले. गाव सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर आहे. गावास रूळ नव्हता. आगगाडी पाहावयाची तर दक्षिणेस सोलापूर गाठावे, किंवा जिल्ह्याच्या उत्तर भागात येडशीच्या बाजूस बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी पाहावी. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने सुरू केलेला अडीच फूट रुंदीचा हा मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला होता. तामलवाडीत मात्र ‘गाडी आली’ म्हटले की ती एस.टी. असे; त्यापूर्वीच्या पिढीत ती बैलगाडी असे.

काही वर्षांपूर्वी याच गावी राहणाऱ्या, लिहितावाचता न येणाऱ्या मावशीस हा चित्रपट दाखविण्याचा योग आला. पाट्या इंग्रजी, त्या वाचून दाखविल्या नाहीत. तिने चित्रपट आवडीने पाहिला, योग्य ठिकाणी हसली, आणि पाठलाग सुरू होऊन काही वेळ झाल्यावर विचारले, ‘‘आरं, ह्यो धराया पळायलाय, का भिऊन पळायलाय?’’

एका व्यक्तीच्या एका प्रश्नावरून सिद्धान्त काढणे शास्त्रसंमत नव्हे, हे उघड आहे. प्रश्न उभा करण्यास मात्र तो पुरेसा आहे. ‘पळायलाय’ हे रूप पाहावे. ‘पळायला लागला आहे’ याचा संक्षेप होऊन ते झाले आहे. प्रमाण मराठीत ‘पळायला लागला’ म्हणजे पळण्यास आरंभ केला. या बोलीत त्याचा अर्थ ‘पळत आहे’ असा चालू क्रियेचा होतो. क्रियेचा आरंभ दाखविणारी रचना झिजून क्रियेचे सातत्य दाखवू लागली आहे. परंतु याहून महत्त्वाचे आहे ते धातूचे दुहेरीपण. ‘पळणे’ म्हणजे वेगाने धावणे, आणि ‘पळणे’ म्हणजे भिऊन निघून जाणे. शर्यतीत मुले पळतात आणि युद्धातून शिपाईही पळतात. ‘पळत आला’ म्हटले की पहिला अर्थ, ‘पळून गेला’ म्हटले की दुसरा. धातू एकच, भेद होतो तो कृदन्ताने व सोबतच्या ‘येणे–जाणे’ने.

मावशीचा प्रश्न या दोन अर्थांच्या मधोमध उभा होता, आणि तो चित्राला विचारलेला होता. एकाच रुळावर एकाच दिशेने दोन इंजिने धावत आहेत. मागचे पुढच्याच्या मागे लागले आहे की तिसऱ्याच कोणापासून दूर जात आहे? पुढचे पळत आहे की केवळ वेगाने जात आहे? डोळ्यांना दिसते ती गती. गतीचा हेतू दिसत नाही. ‘पाठलाग’ या शब्दात हेतू गोठलेला आहे. पाठीस लागल्यावाचून पाठलाग नाही. चित्रात फक्त ‘पाठ’ दिसते. ‘लाग’ प्रेक्षकाने पुरवावयाचा असतो.

विशेष असे की चित्रपटातील पात्रांचाही हाच घोटाळा झालेला आहे. हेरांना वाटते, मागच्या गाडीत सैन्य भरले आहे. म्हणून ते एका माणसापासून पळत राहतात. मागून येणारी एकच व्यक्ती आहे हे त्यांना कळले असते, तर पाठलाग त्याच क्षणी उलटला असता. आणि नायकाची सारी व्यथाही याच क्रियापदात आहे. त्याने सैन्यात नाव नोंदविले नाही, म्हणजे तो लढाईपासून पळाला, असा प्रेयसीचा ग्रह झाला आहे. पळाला म्हणून नाकारलेला हा मनुष्य पुढील तासभर अक्षरशः पळत असतो, आणि त्या पळण्यानेच न पळाल्याचे सिद्ध करतो.

५. प्रयोजक रूपाचा खेळ

‘पळणे’पासून ‘पळवणे’ हे प्रयोजक क्रियापद होते. त्याचा सरळ अर्थ ‘पळावयास लावणे’. ‘त्याने घोडा पळवला’ हे वाक्य घ्यावे. त्याचे दोन अर्थ होतात : घोडा भरधाव सोडला, किंवा घोडा चोरून नेला. पहिल्या अर्थात घोडा त्याचा असू शकतो. दुसऱ्यात तो दुसऱ्याचाच असला पाहिजे. चित्रात दोन्ही प्रसंग सारखेच दिसतील : घोडा, त्यावर स्वार, भरधाव वेग. मालकी ही दिसणारी वस्तू नाही. ती नात्याची, कायद्याची व स्मृतीची बाब आहे.

‘द जनरल’चे सर्व कथानक या एका क्रियापदात मावते. जॉनी आपले इंजिन पळवितो. हेर ते पळवितात. सामानाच्या डब्यात सापडलेली अॅनाबेल ही तरुणीही पळविली जाते. शेवटी जॉनी दोघांना शत्रूच्या तळावरून पुन्हा पळवितो. या शेवटच्या पळवण्यात दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण तो आपलीच वस्तू चोरतो. मराठी क्रियापद येथे चित्राइतकेच संदिग्ध राहते. संदिग्धता ही केवळ चित्राची उणीव व स्पष्टता हे केवळ शब्दाचे सामर्थ्य, असे सरसकट म्हणता येत नाही, हे यावरून ध्यानी यावे. फरक आहे तो असा : शब्दाला संदिग्धता फेडावयाची झाल्यास ती फेडण्याची साधने भाषेत आहेत. ‘चोरून’, ‘आपले’, ‘परत’ अशा एकेका शब्दाने काम भागते. चित्राला त्यासाठी मागील दृश्य आठवावे लागते.

६. जे चित्राला सांगता येत नाही

चित्रपटातील सर्वांत निर्णायक प्रसंग पाठलागाचा नाही. तो भरती कचेरीतील आहे. युद्ध सुरू होते. जॉनी रांगेत सर्वांच्या आधी जाऊन उभा राहतो. अधिकारी त्यास नाकारतात. कारण असे की इंजिनचालक म्हणून तो शिपायापेक्षा अधिक उपयोगी आहे. हे कारण अधिकारी आपसांत बोलतात, प्रेक्षकास पाटीवरून कळते, आणि जॉनीला कोणी सांगत नाही. तो स्वतःच्या उंचीकडे पाहतो, दुसऱ्या नावाने पुन्हा प्रयत्न करतो, आणि हाकलला जातो. रांगेत उभे असलेले अॅनाबेलचे वडील व भाऊ त्याला बोलावतात. दुखावलेला जॉनी निघून जातो. ते घरी जाऊन सांगतात की याने रांगेत उभे राहण्याचाही प्रयत्न केला नाही.

या प्रसंगातील प्रत्येक महत्त्वाची गोष्ट चित्राच्या आवाक्याबाहेरची आहे. पहिली गोष्ट निषेध. ‘त्याने नाव नोंदविले नाही’ याचे चित्र निघत नाही. बाहेर पडणाऱ्या मनुष्याचे चित्र निघते, पण न घडलेल्या क्रियेचे चित्र कसे काढावयाचे? दुसरी गोष्ट कारण. ‘तो अधिक उपयोगी आहे म्हणून’ यातील ‘म्हणून’ दाखविता येत नाही. भिंतीवर आदळलेला गोळा व कोसळलेली भिंत यांतील कार्यकारणभाव दिसतो; निर्णय व त्यामागील युक्तिवाद यांतील दिसत नाही. तिसरी गोष्ट मनातील चुकीची समजूत. ‘तिला वाटते की तो भित्रा आहे’ या वाक्यात एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य आहे, आणि आतील वाक्य असत्य आहे. चौथी गोष्ट अट. जोवर गणवेश अंगावर नाही तोवर मजशी बोलू नकोस, अशा अर्थाचे अॅनाबेलचे बजावणे पाटीवाचून कळत नाही. निषेध, हेतु, परमत आणि अट या चार बाबी मूकपटाने पाटीकडे सोपविल्या आहेत. ज्यांना पाट्या वाचता आल्या नाहीत त्यांना नायक विनोदी दिसतो. तो अन्यायाने पीडलेला आहे हे कळत नाही.

‘मिस फ्रंटियर मेल’ची रचनाही याच मुद्द्यास पुष्टी देते. तेथे नायिकेच्या वडिलांवर, एका स्टेशनमास्तरवर, खुनाचा खोटा आळ येतो. आळ ही शब्दांनी घडणारी गोष्ट आहे. तो घेण्यास भाषा लागते. तो पुसण्याचे काम मात्र टपावरील मारामारी करते. कथेची गाठ शब्दाने बसते व गतीने सुटते, ही आगगाडीच्या साहसपटाची जणू ठरलेली घडण होय.

७. जे चित्रालाच सांगता येते

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाठलागाच्या भरात जॉनी इंजिनाच्या सरपणासाठी लाकडे फोडीत असतो. त्याची पाठ वळलेली असते. मागे दक्षिणेचे सैन्य माघार घेत दौडत जाते, आणि थोड्या वेळाने उत्तरेचे सैन्य पुढे सरकत येते. जॉनी लाकडेच फोडीत राहतो. मान वर करतो तेव्हा तो एकटाच शत्रूच्या मुलखात आलेला असतो.

हे मराठीत सांगावयाचे तर म्हणावे लागेल : ‘तो लाकडे फोडीत असताना सैन्य मागे हटले.’ ‘असताना’ या रूपाने आपण एक क्रिया पार्श्वभूमीस ढकलली व दुसरी पुढे आणली. भाषेस असे केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण वाक्यातील शब्द एकामागून एक येतात. कोणती क्रिया मुख्य व कोणती गौण याचा निर्णय वक्त्याने करावयाचा असतो. चित्राने तो निर्णय प्रेक्षकावर सोपविला आहे, आणि त्यातही एक गंमत आहे. पडद्यावर पुढे आहेत ती लाकडे, मागे आहे ते युद्ध. इतिहासदृष्ट्या जे मुख्य ते चित्रात मागे, आणि जे क्षुल्लक ते पुढे. वाक्यात हे साधणे अशक्य नाही, पण एकाच क्षणात दोन्ही डोळ्यांसमोर ठेवणे वाक्यास शक्य नाही.

गतीच्या तपशिलाचेही तसेच आहे. जॉनी इंजिनाच्या पुढील जाळीवर बसून हातात एक जड लाकूड धरतो. रुळावर आडवे पडलेले दुसरे लाकूड दिसताच हातातील लाकूड त्याच्या टोकावर नेमके आपटतो. दोन्ही लाकडे उडून बाजूस पडतात आणि इंजिन निर्वेध पुढे जाते. हे वर्णन करण्यास येथे इतके शब्द लागले. पडद्यावर ते काही क्षणांत घडते व कोणासही समजावून द्यावे लागत नाही. मराठी क्रियापदे गतीचा मार्ग चांगला सांगतात. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे ही सर्व मार्गवाचक आहेत. गतीची रीत मात्र आपण बहुधा कृदन्ताने जोडतो : धावत चढला, लोंबकळत उतरला. चित्रात मार्ग आणि रीत वेगळी करता येत नाहीत. तेथे चढणे हे कसे तरी चढणेच असते.

८. क्षेत्रकार्यासाठी सावधगिरीचा इशारा

हा विचार केवळ रसग्रहणाचा नाही. विद्यार्थ्यांच्या संशोधनपद्धतीशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. बोलीतील कथननमुने मिळविण्यासाठी संवादविरहित चित्रफीत दाखवावी व ‘काय घडले ते सांगा’ म्हणावे, ही पद्धत आता सर्वपरिचित आहे. तिचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे वॉलेस चेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये बर्कली येथे तयार केलेली सुमारे सहा मिनिटांची फीत. त्यात एक मनुष्य झाडावरून नासपती उतरवीत असतो आणि सायकलवरून आलेला मुलगा एक टोपली उचलून नेतो. निरनिराळ्या भाषांच्या वक्त्यांना ती दाखवून कथने गोळा करण्यात आली. डेबोरा टॅनन यांनी ग्रीक व अमेरिकन स्त्रियांच्या कथनांची तुलना करताना दाखविले की अमेरिकन वक्त्यांचा कल चित्रफितीच्या तंत्राविषयी बोलण्याकडे होता, तर ग्रीक वक्त्यांचा कल पात्रांच्या हेतूंकडे व वर्तनाच्या बऱ्यावाईटाकडे होता. फीत एकच होती. ‘काय घडले’ याची समजूत मात्र एक नव्हती.

यातून घ्यावयाचा बोध असा. निवेदकाने एखादी गोष्ट सांगितली नाही, म्हणजे त्याच्या बोलीत ती सांगण्याचे साधन नाही, असा निष्कर्ष काढू नये. कदाचित चित्राने ती सांगितलीच नसेल. सांधेवाला, खांबाचा पडलेला हात, मागे सोडून दिलेला डबा, या गोष्टी रुळाशेजारी वाढलेल्या मनुष्यास चित्रातून दिसतात. ज्याच्या गावात रूळ नाही त्यास केवळ लोखंड हलताना दिसते. त्याच्या कथनात पाठलागाचा उल्लेख आला नाही, तर उणेपणा बोलीचा नव्हे, निवेदकाचा तर नव्हेच. तो आपल्या साधनाचा आहे. खेड्यातील वक्त्याच्या कथनास ‘असंबद्ध’ अशी नोंद करण्यापूर्वी आपण त्यास काय दाखविले होते, हे तपासणे प्रत्येक संशोधकाचे कर्तव्य होय. मावशीने प्रश्न विचारला म्हणून हे कळले. चाचणीच्या वेळी प्रश्न विचारण्याची मुभा आपण निवेदकास देतो काय?

९. आणखी एक मौन

चित्रपटाच्या मुकेपणाचा शेवटचा एक पदर सांगणे आवश्यक आहे. १८६२ चे हेर उत्तरेच्या बाजूचे होते, आणि ज्या यादवीत ते लढत होते तिच्या मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता. कीटनने दक्षिणेचा इंजिनचालक नायक केला. त्यामुळे दृष्टिकोन उलटला आणि ज्यांना फाशी झाली ते चोर ठरले. गुलामगिरीविषयी चित्रपट काही बोलत नाही. हे मौन तंत्राचे नव्हे. पाट्या लिहिण्याची सोय होती. ते निवडीचे मौन आहे. कोणी कोणाला पळवले आणि पळवलेली वस्तू मुळात कोणाची, हा प्रश्न इंजिनापुरता विचारणारा चित्रपट माणसांपुरता तो विचारीत नाही. ज्या देशात माणसे विकत घेतली जात आणि पळून गेलेल्यांचा पाठलाग होई, तेथे ‘पळणे’ व ‘पळवणे’ या क्रियापदांचा सर्वांत गंभीर अर्थ पडद्याबाहेरच राहिला. चित्रात जे नाही त्याची विचारणा करणे, म्हणजेच निषेधाचे वाक्य रचणे, हे शेवटी भाषेचेच काम आहे.

उपसंहार

मूकपट ही सार्वत्रिक भाषा होय, या विधानातील सत्यांश आता मर्यादेसह सांगता येतो. गती, मार्ग, एककालिकता व दृश्य कार्यकारणभाव यांपुरते चित्र शब्दाहून समर्थ आहे आणि त्याला भाषांतराची गरज नाही. हेतू, मालकी, निषेध, अट आणि दुसऱ्याच्या मनातील समजूत यांपुरते ते शब्दावर अवलंबून आहे. शब्द पाटीवरून येवो, शेजाऱ्याच्या तोंडून येवो, वा प्रेक्षकाच्या पूर्वानुभवातून येवो. आगगाडीचा साहसपट या दोहोंची सीमा स्पष्ट दाखवितो, कारण एका रेषेवरील गतीशिवाय त्यात फारसे काही नसते. गती दिसत राहते आणि अर्थासाठी विचारावे लागते.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचे काम आता हाती घेण्यात आले आहे. तो पुरा होईल तेव्हा त्या पंचक्रोशीत ‘गाडी आली’ या दोन शब्दांचा अर्थ पुन्हा एकदा बदलेल, आणि कदाचित एस.टी.लाच एखादे विशेषण लावावे लागेल. तेथील पुढील पिढीस इंजिनामागे इंजिन धावताना पाहून मावशीचा प्रश्न पडणार नाही. त्या पिढीस तो पडला नाही, म्हणून मावशीचा प्रश्न अज्ञानाचा होता असे मात्र कोणी समजू नये. दिसते ते पळणे धरावयाचे की भिऊन, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. आणि हीच गोष्ट सांगण्यासाठी प्रस्तुत लेखकास इतकी पाने खर्ची घालावी लागली.